ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. वर्षभरात पुन्हा डिस्क बदलायच्या का?

अर्धामिस्त्री:

मंडळी, नमस्कार. गाडी दहा वर्षांची पेट्रोल सेडान. पुढे व्हेंटेड डिस्क (आत हवेच्या पोकळ्या असलेल्या), मागे ड्रम. रिकामी गाडी अकराशे किलोच्या आसपास, पण ती रिकामी कधी असतेच कुठे? आई-बाबा, आम्ही दोघं आणि लेक, शिवाय डिकीत सामान.

तक्रार अशी. ८०-९० च्या वेगात हलका ब्रेक लावला की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं. ५० च्या खाली आलं की एकदम शांत, जणू काही झालंच नाही. पायालाही पेडलचे बारीक ठोके जाणवतात.

चौदा महिन्यांपूर्वी हेच झालं होतं. गॅरेजवाल्याने "डिस्क बेंड झाल्यात" म्हणून दोन्ही पुढच्या डिस्क आणि पॅड बदलले. पहिले आठ हजार किलोमीटर ब्रेक लोण्यासारखा. मग हळूहळू थरथर परत आली. आता १४ हजार झालेत आणि तोच गॅरेजवाला पुन्हा तेच म्हणतोय. कशाने बेंड झाल्या विचारलं तर म्हणे, गरम डिस्कवर पाणी मारलं असेल. अहो, गाडी धुवायचा मला मुळातच कंटाळा आहे. शेजारीपाजारी साक्ष देतील.

या वेळी घरीच करावं म्हणतोय. जॅक, उचललेली गाडी टेकवायला दोन घोड्या आणि नट ठरावीक जोराने कसणारा टॉर्क पाना माझ्याकडे आहेत. फक्त डिस्क कुठल्या घ्यायच्या ते कळत नाही. साध्या, भोकंवाल्या, खाचावाल्या की कोटिंगवाल्या? की आहेत त्याच लेथवर घासून घेऊ?

आणि एक गंमत. डिस्कची जाडी व्हर्नियरने मोजली तर २२.४ मिमी आली. मॅन्युअलमध्ये नवीन डिस्कच २२ मिमीची लिहिली आहे. वापरून डिस्क जाड होते की काय?

सुसाट:

भोकं आणि खाचा दोन्ही असलेल्या घ्या, डोळे मिटून. थंड राहतात म्हणून बेंड व्हायचा प्रश्नच नाही. वर अलॉयमधून दिसतातही भारी.

जुना पाना:

अर्धामिस्त्री, नवीन डिस्क घ्यायची घाई करू नका. तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही सांगतात की डिस्क बिचारी वाकलेली नाही.

आधी ते २२.४ चं कोडं सोडवू. डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही. तिथे घासत नाही म्हणून एक ओठ उभा राहतो, आणि त्यावर गंज चढला की तो आणखी फुगतो. व्हर्नियरचे जबडे त्या दोन ओठांवर टेकतात, म्हणजे तुम्ही गंज मोजलात. मायक्रोमीटर आणा आणि कडेपासून १०-१५ मिमी आत मोजा. मायक्रोमीटर नसेल तर डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक सपाट वॉशर धरा, त्यावरून व्हर्नियर लावा आणि वॉशरची जाडी वजा करा. कामचलाऊ आकडा मिळेल.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. डिस्क नवीन असताना ब्रेक छान होता आणि थरथर आठ हजारांनंतर सुरू झाली. डिस्क वाकडी असती तर पहिल्या दिवसापासून बोंब झाली असती. तीस वर्षं गाड्यांखाली काढल्यावर मी "बेंड" हा शब्द ऐकला की आधी विचारतो, मोजली का? बहुतेक वेळा मोजलेली नसते.

होतं काय, ते नीट समजून घ्या. चाक ज्या हबवर बसतं त्या हबच्या तोंडावर गंज असतो. जुनी डिस्क काढली, नवी तशीच वर ठेवली, चाक कसलं, झालं काम. पण मधे गंजाची एक पापडी राहिली तर डिस्क एका बाजूने उचलली जाते. हबचं तोंड १३० मिमी व्यासाचं धरा. एका कडेला ०.०५ मिमीची पापडी असेल, तर बाहेर २४० मिमीच्या वर्तुळावर, जिथे पॅड घासतो, तिथे डोलणं ०.०९ मिमी होतं. जवळजवळ दुप्पट. डोळ्याला हे दिसत नाही आणि पायालाही लगेच कळत नाही, कारण डोलणाऱ्या डिस्कबरोबर कॅलिपरही, म्हणजे पॅड आणि ते दाबणारा पिस्टन धरणारा चिमटाही, थोडा सरकून घेतो.

पण ब्रेक न लावता गाडी चालत असते तेव्हाही डिस्कचा तो पुढे आलेला भाग दर फेऱ्याला पॅडला चाटून जातो. दुसऱ्या बाजूने तसाच समोरचा भाग चाटतो. हजारो किलोमीटर हे चाललं की त्या जागा झिजतात आणि डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. मग ब्रेक लावला की जाड भाग पिस्टनला मागे ढकलतो, पातळ भाग सोडतो, पुन्हा ढकलतो. तेच ठोके तुमच्या पायाला लागतात. जाडीत ०.०२ मिमीचा फरकही हाताला कळतो.

८०-९० लाच का? ९० च्या वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चाकाचा घेर १.९ मीटर धरला तर सेकंदाला १३ फेरे. पुढच्या सस्पेन्शनला आणि स्टेअरिंगला साधारण त्याच तालावर हलायला आवडतं. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं होतं. वेग उतरला की ताल चुकतो आणि थरथर बसते.

म्हणून आधी डायल गेज, म्हणजे डोलणं मोजणारं सुईचं घड्याळ, मिळवा, उसना आणला तरी चालेल. चाक काढा, डिस्कवर सगळे नट वॉशर घालून कसा, नाहीतर सैल डिस्कचं माप घ्याल. गेजचं चुंबक स्ट्रटला (चाकामागच्या सस्पेन्शनच्या दांड्याला) चिकटवा, सुई कडेपासून १० मिमी आत टेकवा आणि डिस्क हाताने सावकाश एक फेरा फिरवा. अचूक मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. मी ०.०५ च्या आत आल्याशिवाय चाक चढवत नाही. मग डिस्क काढून हबचं तोंडही तसंच मोजा. हबच डोलत असेल तर बेअरिंगकडे बघावं लागेल आणि मग डिस्कचा विषयच संपतो.

सुसाटराव, तुमच्या भोकांबद्दल नंतर.

उष्णतामापी:

पाना काकांनी भोकं बाजूला ठेवली आहेत तर तेवढी मी घेते. शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवत नाही.

पाच माणसं आणि सामान धरून गाडी १५०० किलो. १०० च्या वेगातून थांबताना जी ऊर्जा उष्णतेत जाते ती सुमारे ५.८ लाख ज्यूल. ५० च्या वेगातून थांबलात तर त्याचा चौथा भाग, कारण वेगाचा वर्ग येतो. ब्रेक लावताना वजन पुढे झुकतं, म्हणून ७० टक्के काम पुढची चाकं करतात असं धरू. म्हणजे एका पुढच्या डिस्कच्या वाट्याला दोन लाख ज्यूल. डिस्क साडेपाच किलो बिडाची. बिडाची विशिष्ट उष्णता किलोमागे, अंशामागे साधारण ५०० ज्यूल. सगळी उष्णता तिनेच प्यायली असं मानलं तर एका थांबण्यात डिस्क ७५ अंशांनी तापते. लांब उतारावर थंड व्हायला वेळ न देता पाच वेळा असं केलंत तर काय होईल, ते तुम्हीच गुणा.

थोडक्यात, ब्रेक लावला त्या क्षणी डिस्कचं बीड ही उष्णता साठवायची टाकी असते. भोक पाडणं म्हणजे टाकीतलं बीड काढून टाकणं. हवा लागून गार होणं ही नंतरची गोष्ट, आणि ते काम व्हेंटेड डिस्कच्या दोन पात्यांमधल्या पोकळ्या करतातच. शिवाय भोकाच्या कडेला ताण एकवटतो आणि तापणं-निवणं चालू राहिलं की केसासारख्या भेगा तिथूनच निघतात. खाचांचं तेवढं वाईट नाही, पण त्या पॅड खातात आणि आवाज करतात.

आणि हो, उतारावर गिअर खालचा ठेवा. इंजिनाने घेतलेला भार डिस्कपर्यंत पोचतच नाही.

अर्धामिस्त्री:

काका, ताई, दोघांनाही दंडवत. रविवारी मोजमाप झालं. मेव्हणा एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, त्याने डायल गेज आणि मायक्रोमीटर दोन्ही आणले. गाडीपेक्षा त्याची अवजारंच चकचकीत.

डावी डिस्क: डोलणं ०.०४. आठ ठिकाणी मोजलं, जाडी २१.७१ ते २१.७२. इथपर्यंत मी खूश.

उजवी डिस्क: डोलणं ०.१३! जाडी कुठे २१.३८, तर बरोबर समोर २१.४१. म्हणजे ०.०३ चा फरक. डिस्क काढली तर मागे हबवर नाण्याएवढा तपकिरी गंजाचा खपला, दाबून अगदी गुळगुळीत झालेला. नखाने निघेना. स्क्रू ड्रायव्हरने टोचला तर पापडीसारखा उडाला. डिस्कच्या आतल्या अंगाला त्याच जागी त्याचा जुळा छाप. चौदा महिने हा तिथे बसून माझं स्टेअरिंग हलवत होता.

हब घासून तोच गेज हबला लावला. ०.०१. मेव्हणा म्हणाला हब शंभर नंबरी.

पण आणखी एक निघालं. उजवीकडे बाहेरचा पॅड ८ मिमी शिल्लक आणि आतला जेमतेम ३. डिस्कच्या आतल्या तोंडावर नख अडकेल अशा खोल चऱ्या. चाक बाहेरून बघत राहिलो तर हे कधी दिसलंच नसतं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दोन पिनांपैकी खालची हाताने सरकेना, पाना लावून फिरवावी लागली.

आता या चऱ्या जाईपर्यंत लेथवर घासायची, की नवी जोडी? डिस्कच्या टोपीवर (हबवर बसणारा मधला उंच भाग) लहान अक्षरांत २० मिमी किमान जाडी कोरलेली आहे.

जुना पाना:

बघा, मोजलं आणि चोर सापडला. खरं तर दोन चोर सापडले.

२० हा आकडा घासून कुठवर आणायची त्याचा नाही. तिथे पोचली की डिस्क फेकायची. चऱ्या खोल आहेत, त्या घालवायला दोन्ही तोंडांवरून बरंच बीड जाईल. उरेल ती २० च्या वर असेल, पण ताईंनी सांगितलेली टाकी लहान होईल, आणि पाच माणसांच्या गाडीला मी ते करणार नाही. नुसता ०.०३ चा फरक असता तर दोन्ही डिस्क हलक्या हाताने घासून घ्या म्हणालो असतो, सुखाने. आता मात्र जोडी बदला. हो, डावी चांगली असली तरी. एका बाजूला जुनी आणि दुसरीकडे नवी असली तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते. पॅडही नवेच. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या चऱ्यांचा साचा असतो.

घ्यायची कुठली? साधी व्हेंटेड, भोकांशिवाय. टोपीला आणि कडेला करड्या रंगाचं गंजरोधक कोटिंग असलेली मिळाली तर तीच घ्या. शोभेसाठी नाही. टोपी गंजली नाही की पुढच्या वेळी ती हबला चिकटत नाही आणि असे खपलेही कमी धरतात. पॅडच्या वाटेतलं कोटिंग पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जातं. डिस्कवर वर्तुळातलं ई अक्षर आणि ९० आर ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर ती संयुक्त राष्ट्रांच्या ९० क्रमांकाच्या नियमाखाली मंजूर झालेली आहे. बदली डिस्क आणि पॅडसाठीच हा नियम आहे. शिक्का नाही म्हणजे डिस्क वाईटच असं नाही, पण मला असलेली आवडते.

दुकानातच जुन्या डिस्कशेजारी नवी ठेवून बघा. व्यास, मधलं भोक, नटांची भोकं आणि टोपीची उंची. उंचीत दोन मिमीचा फरक असला तरी डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येत नाही. त्याच मॉडेलच्या दोन इंजिनांना दोन वेगळ्या डिस्क असतात आणि काउंटरवर चुकीची हातात पडणं फार सोपं आहे. वजनही करा. जुन्यापेक्षा अर्धा किलो हलकी असेल तर बीड कुठे गेलं ते विचारा.

बसवताना हबचं तोंड धातू चमकेपर्यंत तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने घासा. नटांच्या स्टडभोवतीची गोल जागा सगळे सोडून देतात, ती सोडू नका. तोंडावर ग्रीस थापू नका, तोही एक थरच. साध्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसा, डिझेलच्या फडक्याने नाही. कॅलिपर सोडला की तारेने स्प्रिंगला टांगा. रबरी नळीवर लोंबकळत ठेवलेला कॅलिपर दिसला की मला अजूनही ओरडावंसं वाटतं.

पिना काढून स्वच्छ करा. गंजाचे खड्डे असतील तर नव्या घ्या. त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. दोन पिना दिसायला सारख्या पण बऱ्याचदा एकीला रबराची बाही असते, अदलाबदल करू नका. पिस्टन मागे ढकलताना वरच्या टाकीवर नजर ठेवा, ब्रेक ऑइल वर चढतं आणि रंगावर सांडलं तर रंग उकलतो. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही, आणि ते हवेतलं पाणी पितं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी प्यायलेलं असताना ही मर्यादा १५५ वर येते. दोन वर्षं होऊन गेली असतील तर या निमित्ताने बदलून टाका.

चाकाचे नट समोरासमोरचे, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. एअर गनने एक नट दुप्पट आणि एक निम्मा कसला तरी डिस्क डोलते. आणि गाडी हलवायच्या आधी, हे ठळक समजा, पेडल चार-पाच वेळा मारून घट्ट करून घ्या.

अर्धामिस्त्री:

झालं! आधी कबुलीजबाब. काका, तुम्ही लिहिलं होतं, मी वाचलंही होतं. मेव्हण्याला वाचूनही दाखवलं होतं. तरी उजवं चाक चढवलं, हात पुसले, गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ गालिच्यापर्यंत. पोटात गोळा म्हणजे काय ते तेव्हा कळलं. हँडब्रेक खेचला. मागे कुंडी होती, ती वाचली. मग पाच वेळा पेडल मारलं तेव्हा कुठे पायाला दगड लागला. मेव्हणा बाहेर उभा राहून हसत होता.

बाकी सांगण्यासारखं असं. कोटिंगवाल्या, ई शिक्क्याच्या साध्या डिस्क घेतल्या. पहिल्यांदा दिलेल्या डिस्कची टोपी जुनीपेक्षा ३ मिमी उंच निघाली, डिझेल मॉडेलच्या होत्या. परत करून आणल्या. वजन ५.५ किलो, जुन्यांपेक्षा थोडं जास्तच. खालची पिन गंजून खड्डे पडलेली होती, नवी घातली. वरची चालली.

बसवल्यावर डोलणं डावीकडे ०.०३, उजवीकडे ०.०२. हब घासायला एका बाजूला पाऊण तास लागला, बाकी सगळ्या कामाला मिळून तेवढाच. नट १०३ न्यूटन-मीटर, मॅन्युअलप्रमाणे, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले.

पॅडच्या खोक्यावर लिहिलं होतं तसं मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत दहा वेळा बेताने ब्रेक, मधे थोडं चालवून गार करत, आणि शेवटी गरम असताना पेडल दाबून उभं राहायचं नाही. पहिल्या तीन-चार वेळा जळका वास आला, मग गेला. आता दोन हजार किलोमीटर झालेत. ९० वरून ब्रेक लावला तर स्टेअरिंग हूं की चूं करत नाही. पण काका म्हणाले तसं, आजार आठ हजारांनंतर दिसतो, तेव्हा सहा हजारांना मायक्रोमीटर पुन्हा उसना आणणार आहे.

एकच शंका राहिली. उजव्या डिस्कला हबशी धरणारा जो एक छोटा स्क्रू असतो, त्याचं डोकं काढताना गोल झालं. शेवटी ड्रिलने उडवला. आता त्या भोकात काहीच नाही. चालेल का?

जुना पाना:

कुंडी वाचली हे बरं झालं. माझ्या हातून एकदा गॅरेजचं शटर गेलं होतं.

स्क्रूने डिस्कचा भार घेतलेला नसतो, ती धरली जाते चाकाच्या नटांनी. त्यामुळे आत्ता गाडी चालवायला भीती नाही. पण नवा स्क्रू आणून घाला. तो नसला की पुढच्या वेळी चाक काढताच डिस्क स्टडवर तिरकी लोंबते आणि व्हेंटमधला नाहीतर कॅलिपरच्या ब्रॅकेटवरचा गंज बरोबर त्या फटीत पडतो. तुम्ही चाक चढवता, नट कसता, आणि पाऊण तास घासलेल्या तुमच्या हबवर नवा खपला मुक्कामाला येतो. पंक्चरवाल्याकडे तर हमखास.

स्क्रूच्या दातांना ग्रीसचा एक ठिपका लावा. आणि काढताना साध्या स्क्रू ड्रायव्हरने नाही, हातोडी मारली की फिरतो तो इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, तो घ्या. मेव्हण्याकडे असेलच.